पाचवी रात्र मोफत

१

अरुणराव मोघ्यांना जाऊन पुरता महिनाही झाला नव्हता, आणि त्यांच्या घरात चोरी झाल्याचं उघडकीला आलं. कपाट फुटलं नव्हतं, दागिना हलला नव्हता. गेले होते ते पॉइंट. हॉटेलच्या क्रेडिट कार्डावर आठ वर्षं जमवलेले तीन लाख वीस हजार पॉइंट.

जानेवारीतल्या एका शनिवारी सकाळी अरुणरावांचा मुलगा तन्मय एक कागद घेऊन खालच्या मजल्यावर लीना साठ्यांकडे आला. लीनाताई बँकेच्या दक्षता विभागातून निवृत्त झालेल्या. बदलीवर कलकत्त्याला आल्या आणि दमदमच्या त्या इमारतीत राहूनच गेल्या. सव्वीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे गुन्हे कागदावर उतरवले होते, त्यामुळे इमारतीतल्या कुणालाही अर्ज लिहायचा झाला की पावलं त्यांच्याच दाराशी वळत.

"मावशी, पोलिसांत तक्रार द्यायची आहे. तेवढी नीट लिहून द्या."

लीनाताईंनी चष्मा लावला. अरुणरावांचं ते कार्ड त्यांना चांगलं ठाऊक होतं. नसेल कसं? चार जण मिळून जेवायला गेले की अरुणराव वेटरच्या हातात आधी आपलं कार्ड ठेवायचे आणि म्हणायचे, "तुम्ही मला मागाहून पाठवा." मराठी मंडळाच्या गणपतीचा मांडव, कुणाची पुण्याची विमानाची तिकिटं, कुणाचा नवा फ्रीज, सगळं त्यांच्या कार्डावर. लोक हसत आणि पैसे परत करत. पॉइंट मात्र अरुणरावांच्या नावावर जमत. त्या पॉइंटांतून त्यांना रजनीताईंना उदयपूरला न्यायचं होतं, तळ्याकाठच्या एका मोठ्या हॉटेलात, पाच रात्री.

ते गेल्यावर तन्मयने पॉइंट आईच्या नावावर करायला अर्ज केला. हॉटेल कंपनीचं उत्तर या कागदावर होतं. खात्यात एकही पॉइंट उरला नव्हता. सहा नोव्हेंबरला, गुरुवारी, दुपारी दोन ते पावणेतीनच्या दरम्यान लॅपटॉपवरून चार बुकिंग झाली होती. चारही मुंबईतल्या परळच्या एकाच हॉटेलात, पाच-पाच रात्रींची. दर वेळी रविवारी प्रवेश, शुक्रवारी मुक्काम संपला. असे लागोपाठ चार आठवडे. राहिलेल्या पाहुण्याचं नाव कोर्टाच्या हुकमाशिवाय सांगता येणार नाही, असं शेवटी लिहिलं होतं.

"चारही वेळा ओटीपी बाबांच्या फोनवर आला," तन्मय म्हणाला. "तेव्हा बाबांच्या हातात फोन ठरत नव्हता. फोन असायचा शकुनकडे."

शकुन साव ही बराकपूरची बाई. शेवटचे तीन महिने दिवसभर अरुणरावांची सेवा तिनेच केली होती. सकाळी आठ ते रात्री आठ.

"मी काल तिच्या आया पुरवणाऱ्या सेंटरवर जाऊन आलो. सगळ्यांसमोर सांगितलं, हिने आजारी माणसाचा फोन वापरून चोरी केलीय. सेंटरने तिचं काम बंद केलंय. सोमवारी अकरा वाजता मी पोलीस ठाण्यात जाणार."

लीनाताईंनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीखाली ठेवला. सगळ्यांसमोर, हे त्यांना बिलकूल आवडलं नाही. एकदा सगळ्यांसमोर चोर ठरलेल्या बाईला पुन्हा कुणी आपल्या आजारी माणसाजवळ बसवत नाही.

"अर्ज सोमवारी सकाळी घेऊन जा," त्या म्हणाल्या. "तोवर मला चार लोकांशी बोलू दे."

"आता बोलायचं काय उरलंय?"

"चोराला उदयपूर सोडून परळला का जावंसं वाटलं, ते."

२

रजनीताई गॅलरीत उन्हाला बसल्या होत्या. पायांवर शाल आणि मांडीवर वर्तमानपत्र, न उघडलेलं.

"मला त्या पॉइंटांचं काही नाही गं," त्या म्हणाल्या. "पण आठ वर्षं मी त्यांच्या तोंडून उदयपूर ऐकलं. दोन वर्षांपूर्वीच पुरेसे झाले होते. तेव्हा म्हणाले, थांब, थंडीत खोली चाळीस हजाराला जाते, तेव्हा गेलो तर पॉइंटाला रुपया सुटतो. थंडी आली तर म्हणाले, या वर्षी हॉटेलवाल्यांनी जास्त पॉइंट लावलेत, पुढच्या वर्षी बघू. भाव बघता बघता माणूस गेलं."

त्या रडल्या नाहीत. लीनाताईंनाच गलबलून आलं, पण त्यांनी ते दिसू दिलं नाही.

"सहा नोव्हेंबर, गुरुवार. दुपारी तुम्ही कुठे होतात?"

"गुरुवारी मी बागबाजारला जाते, माँच्या घरी, दर्शनाला. त्यांच्या आजारपणातही चुकवला नाही एक गुरुवार. मृणालच मला हट्टाने पाठवायची. म्हणायची, आई, तेवढे तीन तास तरी बाहेरचा वारा घ्या. त्यासाठी दर गुरुवारी घरून काम करायची बिचारी."

मृणाल त्यांची सून. एका खाजगी कंपनीत होती.

"शकुन कशी होती?"

रजनीताईंनी मांडीवरचं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं. "मी तिच्या हातात माणूस सोपवून निर्धास्त जात होते. त्यांच्या अंगाला एक जखम होऊ दिली नाही तिने. शेवटी शेवटी ते माझ्या हातून पाणी घेत नसत, तिच्या हातून घेत. आता तन्मय म्हणतो तिने चोरी केली. मला पटत नाही, आणि दुसरं कोण ते सुचतही नाही."

"दिवसांना तुमच्या विहीणबाई दिसल्या नाहीत."

"निर्मलाताई? त्यांचे गुडघे धरलेत म्हणे. एकट्या असतात महाडला. मनाला लागलं थोडं, खोटं कशाला बोलू? एक फोन तरी स्वतः करायचा. तोही मृणालनेच लावून दिला. दोन शब्द बोलल्या आणि ठेवला."

आत स्वयंपाकघरात मृणालचा आवाज येत होता. ती कुणाशी तरी फोनवर दबक्या आवाजात बोलत होती. लीनाताई उठल्या आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने आत गेल्या.

३

"मऊ भात खा, वर दूध घाल. तिखटाच्या वाटेला जाऊ नकोस. आणि मानेला साबण नको लावूस अजून, नुसतं पाणी..." मृणालला चाहूल लागली. "ठेवते गं. नंतर करते," म्हणून तिने फोन ओट्यावर पालथा ठेवला.

"कोण, निर्मलाताई?"

"हो. माई." मृणाल हसली, पण डोळ्यांखाली झोप नसल्याचं दिसत होतं. "बाहेरचं काहीतरी खाल्लं, पोट बिघडलंय."

लीनाताईंनी माठातलं पाणी घेतलं. घाई न करता प्यायल्या. समोरच्या माणसाला गप्प बसणं जड जावं, एवढा वेळ घ्यायची त्यांना सवय होती.

"मृणाल, तुला काय वाटतं? शकुनने केलं असेल?"

"मी कसं सांगू मावशी? तन्मयला खात्री आहे." तिने ओट्यावरून फडकं फिरवायला घेतलं. ओटा कोरडा होता. "पण पोलिसांत जाऊच नये असं मला वाटतं. गेलं ते गेलं. बाबा तर परत येणार नाहीत. मी म्हटलं त्याला, सोडून दे."

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, आईच्या हक्काचं होतं."

"त्या गुरुवारी दुपारी घरात कोण होतं?"

"बाबा आणि शकुन." उत्तर लगेच आलं. "मी ऑफिसात होते."

लीनाताईंनी पेला पालथा घातला. दक्षता विभागात असताना त्या नवख्यांना सांगत, की घाबरलेला माणूस खोटं बोलतोच, पण खोटं बोलणारा प्रत्येक जण चोर असतो असं मानू नका. हे त्या आज स्वतःलाच बजावत खाली उतरल्या.

४

विनायक दाबके अरुणरावांचे ऑफिसातले सोबती. दोघांना हे कार्डाचं वेड एकदमच लागलेलं. फरक एवढाच, की दाबके पॉइंट खर्च करत आणि अरुणराव साठवत. ऑक्टोबरात दाबक्यांनी मुलीच्या लग्नाच्या पाहुण्यांसाठी अरुणरावांकडे एक लाख पॉइंट मागितले होते. अरुणरावांनी साफ नकार दिला, म्हणून दाबके शेवटपर्यंत भेटायला आले नाहीत. ही गोष्ट मंडळात सर्वांना ठाऊक होती.

"लीनाताई, संशय माझ्यावर असेल तर सरळ विचारा," दारातच ते म्हणाले. "मी रागावलो होतो. त्याचा आता मला फार त्रास होतो. पण पॉइंटांना हात लावला नाही. पासवर्ड तो बायकोलाही सांगत नसे."

त्यांनी कंपनीचा कागद वाचला, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"हे विचित्र आहे. ही खोली सात हजारांची. या हॉटेलला रात्रीचे वीस हजार पॉइंट पडतात. म्हणजे पॉइंटाला पस्तीस पैसे. पाच रात्री धरल्या तर जरा बरं."

"का?"

"पॉइंटांवर सलग पाच रात्री घेतल्या तर पाचवी मोफत. एका बुकिंगमध्ये एकदाच. म्हणून हुशार माणूस वीस रात्रींचं एक बुकिंग करत नाही, पाच-पाचची चार करतो. इथे तेच केलंय. म्हणजे चोराला नियम माहीत आहे. पण तरीही पॉइंटाला पंचेचाळीस पैसे सुटत नाहीत. ज्याला एवढं कळतं तो परळला कशाला जाईल? विकायचे असते तर डिसेंबरातलं गोव्याचं हॉटेल घेतलं असतं, दुपटीने गेलं असतं. अरुण तर असला व्यवहार मेला तरी..." दाबके थांबले. शब्द तोंडून निघून गेला होता.

"आणि खात्यात अजून काही राहिलं होतं का?"

"हो की. कार्डाची वर्षाची फी भरली की एक मोफत रात्र मिळते, तिचं कूपन. डिसेंबरअखेर मुदत संपली, वापरलेलंच नाही, असं इथे खाली लिहिलंय. चांगल्या हॉटेलात पंधरा-वीस हजारांची रात्र होती ती." दाबक्यांनी कागद पुन्हा पाहिला. "त्यातही गंमत आहे. पॉइंटांचं बुकिंग दुसऱ्या कुणाच्याही नावाने करता येतं. कूपनवर मात्र स्वतः कार्डवाल्यालाच काउंटरवर उभं राहावं लागतं. हे नव्याण्णव टक्के लोकांना जाऊन तोंडघशी पडल्यावर कळतं."

"म्हणजे ज्याने कूपनला हात लावला नाही, त्याला हेही आधीच माहीत होतं."

"हे सगळे नियम पाठ असलेली कलकत्त्याच्या मराठी माणसांत दोनच माणसं," दाबके सावकाश म्हणाले. "एक मी. दुसरा आता नाही."

लीनाताईंच्या मनात तीच गोष्ट आली होती. बुकिंग करणाऱ्याच्या कानाशी अरुणरावच बोलत होते. पण अंथरुणाला खिळलेल्या माणसाने वीस रात्री कुणाला दिल्या, आणि तेही निम्म्याहून कमी भावात?

५

रविवारी सकाळच्या गाडीने लीनाताई बराकपूरला गेल्या. रविवार म्हणून बसायला जागा मिळाली. शकुनचं घर स्टेशनपासून वीस मिनिटांवर, एका खोलीचं, दाराशी तुळस. ती अंगणात भांडी घासत होती. लीनाताईंना पाहून तिने हात धुतले, आतून खुर्ची आणली आणि स्वतः उभी राहिली. बोलणं हिंदीत झालं. तिच्या हिंदीत मोघ्यांकडचे दोन-चार मराठी शब्द रुळून गेले होते. आपण ते मराठीतच ऐकू.

"बस शकुन. मी पोलिसांकडून आले नाही."

"तुम्ही विचारायला आला आहात. मी काही सांगणार नाही."

"सेंटरने काम बंद केलं?"

"काल मी गेले होते. बाकावर बसवलं. दुपारपर्यंत सहा बायकांना ड्यूटी दिली, मला नाही. माझ्या शेजारची बाई उठून दुसरीकडे बसली." तिने पदराने हात पुसले. "पंधरा वर्षांत माझ्या हातून एक चमचा हरवला नाही."

"त्या दुपारी ओटीपी तू वाचून दाखवलेस?"

 शेजारच्या घरात कुणीतरी रेडिओ लावला होता.

"चार वेळा आकडे आले," शकुन म्हणाली. "चारही वेळा माझ्या तोंडून गेले. खोटं कशाला बोलू? पोलिसांनाही हेच सांगेन."

"कुणासाठी वाचलेस?"

"ते नाही सांगणार."

"शकुन, उद्या अकरा वाजता तक्रार होणार आहे. तुझं नाव त्यात आहे. तू गप्प बसलीस तर तुरुंगात जाशील, आणि सुटून आलीस तरी काम मिळणार नाही. एवढं कुणासाठी करतेस?"

शकुनचे डोळे भरून आले. तिने मान फिरवली आणि पुन्हा भांड्यांजवळ बसली. लीनाताईंनी आणखी काही विचारलं नाही. भीतीने दातखीळ बसलेली माणसं त्यांनी पुष्कळ पाहिली होती. या बाईच्या चेहऱ्यावर भीती होती, पण गप्प ती त्या भीतीमुळे बसली नव्हती.

परतीच्या गाडीत त्यांनी कंपनीचा कागद उघडला आणि तारखा पुन्हा वाचल्या. रविवारी प्रवेश. शुक्रवारी बाहेर. पाचवी रात्र मोफत म्हणून पाच रात्री, असं दाबके म्हणाले. ते खरं होतं. पण मग मधला शुक्रवार आणि शनिवार का सोडला? सलग वीस रात्रीही पाच-पाचच्या तुकड्यांत घेता आल्या असत्या. कुणीतरी दर शुक्रवारी घरी जात होतं आणि रविवारी परत येत होतं. ऑफिसच्या कामाला आलेला माणूस ऑफिसच्या पैशाने राहतो. मग सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे, परळमध्ये दुसरं काय असतं?

अकरा वर्षांपूर्वी त्या स्वतः धाकट्या बहिणीला, विनीताला, घेऊन परळला राहिल्या होत्या. सोमवार ते शुक्रवार रेडिएशनचा शेक. शनिवार-रविवार मशीन बंद. हॉस्पिटलच्या धर्मशाळेची यादी लांबलचक, म्हणून एका लॉजच्या कोंदट खोलीत. आणि डॉक्टरांनी विनीताला बजावलेलं वाक्य त्यांना जसंच्या तसं आठवलं. तिखट खायचं नाही, आणि मानेला साबण लावायचा नाही.

गाडी दमदमला थांबली तरी लीनाताईंना उठायचं भान नव्हतं. शेजारच्या बाईने हलवलं तेव्हा त्या उतरल्या.

६

संध्याकाळी पाच वाजता मोघ्यांच्या दिवाणखान्यात चौघंच होती. रजनीताई, तन्मय, मृणाल आणि लीनाताई. चहा समोर आला होता, पण कुणी कप उचलला नव्हता.

"तन्मय, मी तक्रार लिहिलेली नाही," लीनाताईंनी सुरुवात केली. "कारण चोरी झालेलीच नाही. तुझ्या बाबांनी ते पॉइंट स्वतः दिले."

"कुणाला? आणि बाबा? त्यांना चमचा धरवत नव्हता."

"म्हणून दुसऱ्या कुणीतरी लॅपटॉप धरला. बाबांनी पासवर्ड सांगितला, नियम सांगितले. पाच-पाच रात्री घे, पाचवी मोफत आहे. कूपन घेऊ नकोस, तिथे मी स्वतः लागतो. शकुनला यातलं काय कळणार? फोनवर आलेले आकडे तेवढे तिने वाचले. दाबक्यांना सगळं कळतं, पण ते त्या वेळी या घराची पायरी चढत नव्हते. आणि रजनीताई बागबाजारला होत्या."

 लीनाताईंनी तन्मयला बोलायला सवड दिली नाही.

"ज्याला पॉइंटाचा रुपया करायचा होता, तो माणूस पंचेचाळीस पैशांनाही तयार झाला नसता. तो तयार झाला, कारण त्या खोलीत मौजेला कुणी जाणार नव्हतं. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे, परळ. मी तिथे राहिलेय, म्हणून ओळखलं. कुणाला तरी मानेवर शेक घ्यायचा होता. ते माणूस दर शुक्रवारी घरी जात होतं, म्हणजे घर मुंबईपासून चार-पाच तासांवर." त्यांनी मृणालकडे पाहिलं. त्यांचा आवाज उतरला. "मृणाल, त्या गुरुवारी तू ऑफिसात नव्हतीस. सासूबाईंना दर्शनाला जाता यावं म्हणून तू दर गुरुवारी घरी असायचीस. पुढचं तू सांग. मी सांगितलं तर ते आरोप होतील."

मृणालने समोरचा कप बाजूला सारला. मग बोलली, तेव्हा तिचा आवाज सरळ होता.

"माईला गळ्याचा कॅन्सर निघाला. दिवाळीच्या आठवड्यात कळलं. तिने मला शपथ घातली, तुझ्या घरी एक दुखणं आहे, तिथे माझं नेऊ नकोस. धर्मशाळेत जागा नव्हती. मावसभाऊ सोबत राहणार होता, पण ठेवायचं कुठे? मी बाबांच्या खोलीतच बसून फोन करत होते, ते झोपलेत असं समजून. ते जागे होते."

"मग?" रजनीताईंनी विचारलं.

"म्हणाले, लॅपटॉप आण. मी नको म्हटलं. बाबा, ते आईंचं उदयपूर आहे. तर म्हणाले, उदयपूर मीच होऊ दिलं नाही. पैशात देऊ केलं तर तू घेणार नाहीस, हे घेशील." ती थांबली. "आणि म्हणाले, रजनीला मी सांगेन. तोवर तुम्ही दोघी कुणाला बोलू नका. रोज मी वाट बघत होते, आज सांगतील. मग त्यांना बोलताच येईना."

"आणि ते गेल्यावर?" तन्मयचा आवाज चिरका झाला होता. "मी तुझ्यासमोर शकुनचं नाव घेतलं. तुझ्यासमोर सेंटरवर जायला निघालो."

"मी सोडून दे म्हटलं."

"सोडून दे म्हणालीस. ती निर्दोष आहे असं नाही म्हणालीस."

"कोण विश्वास ठेवणार होतं?" मृणालचा बांध आता फुटला. "सून सांगते सासऱ्यांनी मरताना मला दिलं, माझ्या आईसाठी. साक्षीला कोण? ती आयाच ना? मला वाटलं तू रागात आहेस, दोन दिवसांत विसरशील. तिला दुसरं काम मिळेल. मी असाच विचार केला. मला स्वतःची लाज वाटते."

तन्मय खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. सगळ्यांचं लक्ष रजनीताईंकडे होतं. 

"मला विचारायचं होतं त्यांनी," त्या म्हणाल्या. "मी काय नाही म्हटलं असतं?" मग थोड्या वेळाने स्वतःशीच मान हलवली. "म्हटलंही असतं कदाचित. आठ वर्षं वाट बघत होते. म्हणूनच नसेल विचारलं." त्यांनी मृणालचा हात धरला नाही, पण आवाज मऊ झाला होता. "निर्मलाताई बऱ्या आहेत का आता?"

"शेक संपला. पुढच्या महिन्यात तपासणी आहे."

"त्यांनी फोन लवकर ठेवला म्हणून मी मनात अढी धरून बसले होते. त्यांना बोलवत नव्हतं, होय ना?" मृणालने मान हलवली. रजनीताई उठल्या. "उद्या मला बराकपूरला घेऊन चल, लीना."

"बराकपूरला नाही," लीनाताई म्हणाल्या. "शकुन उद्या सकाळी सेंटरवर असेल. तिथेच जायला हवं. जिथे नाव गेलं, ते तिथेच परत यायला हवं."

७

सेंटर सियालदहजवळच्या एका गल्लीत, तळमजल्यावर. एक टेबल, एक फोन, भिंतीला लागून लांब बाक. सोमवारी सकाळी नऊ वाजता बाकावर अकरा-बारा बायका पिशव्या मांडीवर घेऊन ड्यूटीची वाट पाहत होत्या. शकुन टोकाला बसली होती, आणि तिच्या शेजारी एका माणसाची जागा रिकामी होती.

मोघ्यांना पाहून ती उभी राहिली नाही.

रजनीताई जाऊन त्या रिकाम्या जागेवर बसल्या. "शकुन, साहेबांनी मला सांगायचं होतं. ते राहून गेलं. तू तरी सांगायचंस."

"साहेब म्हणाले होते, माँजींना मी सांगेन, तोवर बोलायचं नाही," शकुन म्हणाली. "साहेबांनी सांगितलं नाही. मग मी कशी सांगणार? बहूच्या घराचा प्रश्न होता."

मृणालला ते ऐकवेना. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

टेबलामागच्या दीदी वही उघडून तन्मयकडे बघत होत्या. शुक्रवारी याच माणसाने इथे आवाज चढवला होता. "बोला. तक्रार मागे घेता? काय लिहू?"

तन्मय टेबलाजवळ गेला. "लिहा की... गैरसमज झाला होता. घरातलाच व्यवहार होता, आम्हाला उशिरा कळलं. शकुनचा काही दोष नाही. मी तिची माफी मागतो."

दीदींनी पेन उचललं. बाकावरच्या बायका ऐकत होत्या. एकीने दुसरीच्या कानात काहीतरी सांगितलं. गैरसमज झाला, असं सगळेच मालक म्हणतात, हे त्या प्रत्येकीला ठाऊक होतं. लीनाताईंनाही ठाऊक होतं. त्यांनी तोंड उघडलं, पण त्यांच्या आधी मृणाल भिंतीपासून पुढे आली.

"दीदी, गैरसमज लिहू नका," ती हिंदीत म्हणाली, सगळ्या बाकाला ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "यांचा झाला असेल. माझा झाला नव्हता. आकडे हिने माझ्यासाठी वाचले, माझ्या आजारी आईसाठी. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं की हिने चोरी केलेली नाही. ही माझ्यासाठी गप्प बसली. मी स्वतःसाठी गप्प बसले. असंच लिहा, आणि खाली माझी सही घ्या."

 दीदींनी लिहिलं, वही फिरवली, आणि मृणालने सही केली.  मग ती शकुनसमोर जाऊन उभी राहिली. 

"माईंना आता गिळता येतं का?" शकुनने विचारलं.

"थोडं थोडं."

"तूप घालून भात द्या." शकुनने पिशवी खांद्याला लावली. "तुमच्याकडे मी परत येणार नाही, बहू. राग नाही. पण येणार नाही."

फोन वाजला. लेकटाउनला पक्षाघाताचे एक आजोबा होते, आजपासूनच बाई हवी होती. दीदींनी बाकाकडे एकवार पाहिलं आणि चिठ्ठी शकुनच्या नावाने फाडली.

शकुनने चिठ्ठी घेतली, पत्ता नीट वाचला, आणि ती कामाला निघून गेली.